वडीतला खड्डा

त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी कामाला यायचं. एरवी गल्लीत सगळे त्याला खड्डा म्हणायचे. नाव ठेवणाऱ्यांची चूक नव्हती. खड्डा त्यानंच पाडला होता, आणि तोही रोज सकाळी त्यांच्याच अंगाला लागणाऱ्या साबणात.

साबणाच्या कारखान्यात तो साचे घडवायचा. यंत्रातून साबणाचा लांबलचक दांडा बाहेर यायचा, त्याचे तुकडे पडायचे, आणि एकेक तुकडा पितळी साच्याच्या दोन भागांत दाबला की वडी तयार व्हायची. वडीवर नाव सुलटं उमटायला साच्यावर ते उलटं कोरावं लागतं. तसंच वडीला खड्डा हवा असेल तर साच्याला टेंगूळ आणावं लागतं. त्याची पहिली बरीच वर्षं साच्याला टेंगूळ नव्हतं. वडी कशी भरलेली, हातात घेतली की वजन लागायचं.

मग लांब कुठंतरी दोन देशांचं वाजलं. बंदरं अडली आणि साबणाला लागणारं तेल बोटीवरच महाग झालं. तेलामागून सगळंच महागलं. तेव्हा केंद्रीय बँकेनं व्याजाचे दर वाढवले. लोकांनी कर्ज कमी काढावं, हात आखडावा, म्हणजे भावांचा भडका जरा निवेल, असा तिचा हिशेब. हिशेब बरोबरच असेल, पण कारखान्याच्या मालकानं नवं यंत्र कर्जावर आणून ठेवलं होतं. तेल महाग आणि वर हप्ता फुगलेला, दोन्ही बाजूंनी चेपला बिचारा. दहाची वडी बाराला केली तर गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीकडं पळणार. म्हणून किंमत तशीच ठेवायची आणि वडी खालून पोखरायची, असं ठरलं. वेष्टनावर छापलं, ‘हातात घट्ट बसणारी नवी वडी’. घटलेलं वजनही छापलं होतं, पण मुंगीच्या अक्षरात.

साच्याला टेंगूळ आणायचं काम अर्थातच याच्याकडं आलं. त्यानं केलं. काम आहे म्हटल्यावर करणारच.

गल्लीच्या कोपऱ्यावर त्याच्या थोरल्या बहिणीचं दुकान होतं. आई लवकर गेली, तेव्हा याचं नाक पुसण्यापासून सगळं या अक्कानंच केलं होतं. साबण विकायची अक्का, त्यामुळं बोलणीही तिलाच बसायची. पलीकडची शिवणकाम करणारी बाई तर तोंडाची फार तिखट. भर दुकानात वडी उताणी धरून तिनं विचारलं होतं, “अक्का, तुमच्या भावानं साबणाला बेंबी काढली का हो?” तेव्हापासून तो खड्डा झाला. बायका नुसत्या हसल्या असत्या तर चाललं असतं. पण मोठ्या बाजारात दुसरा साबण बघतो, असं त्या म्हणायला लागल्या, आणि साबणाला गेलेलं गिऱ्हाईक तेलमीठही तिकडूनच आणतं, हे अक्काला पक्कं ठाऊक होतं.

एका संध्याकाळी याला ते ऐकवेना. दुकानात उभा राहून त्यानं सगळ्यांना सांगितलं की ही तात्पुरती सोय आहे. “महागाई उतरू द्या. पहिली वडी परत आणतो. जुना साचा मी मोडलेला नाही.”

साचा त्यानं खरंच मोडला नव्हता. तेल लावून, फडक्यात गुंडाळून खणात ठेवला होता. अक्कानं तो शब्द उचलला आणि येईल त्या बाईला आपला म्हणून सांगितला. बायका थांबल्या. नंतर टेंगूळ आणखी दोनदा वाढलं, वडी ओली झाली की मधोमध मोडायला लागली, तरी थांबल्या.

आणि एक दिवस बातमी आली. महागाई उतरली. केंद्रीय बँकेनं व्याजदर कमी केले. जगाचा गाडा रुळावर येतोय, असं जाणकार म्हणाले. शिवणवाली दुपारीच दुकानात हजर. भरलेली वडी कधी, म्हणाली. अक्कानं सोमवार सांगून टाकला आणि भावाला म्हणाली, “माझी जीभ अडकलीय तुझ्या शब्दात. सोडव.”

दुसऱ्या दिवशी तो जुना साचा पुसूनबिसून हिशेबनिसापुढं उभा राहिला. हिशेबनीस माणूस वाईट नव्हता, फक्त बोलताना पेन चावायचा. महागाई उतरली ना, यानं विचारलं. उतरली, तो म्हणाला. मग तेल पहिल्या भावाला आलं असेल. हिशेबनिसानं तोंडातलं पेन काढलं.

“भाव कशाला उतरतील? पोरगी आधी वर्षाला वीतभर वाढायची, आता बोटभर वाढते. म्हणून ती बुटकी झाली का?”

“मला वाटलं तापासारखं असेल. उतरला की अंग पहिल्यासारखं.”

“ताप नाही हो. उंची आहे ती.”

यानं साचा परत फडक्यात गुंडाळला. एवढे दिवस बातमीत तो उतरली, उतरली ऐकत होता आणि त्याला वाटत होतं, जिना उतरून ती खाली येतेय. ती तर अजून वरच चढत होती, फक्त दम खात खात.

मग तो मालकाकडं गेला. वडी मोडते, तक्रारी येताहेत, आणि व्याज उतरलंय तर हप्ता तरी हलका झाला असेल, एवढंच म्हणाला. मालकानं डोकं खाजवलं. शेवटी भरलेली वडी परत करायचं ठरलं. तेराला. खड्ड्याची दहाला राहीलच. आणि भरलेलीवर ‘भरगच्च’ असं कोरायला सांगितलं. ते यानं उलटं कोरलं.

सोमवारी खोकं घेऊन तो दुकानात गेला आणि सगळं अक्काला सांगितलं. अक्कानं वडी तळहातावर जोखली.

“तुला अक्षरं उलटी बघायची सवय. बातमीही तशीच वाचलीस.” मग तिनं स्टूल गल्ल्याजवळ ओढलं. “तेरा हा आकडा माझ्या तोंडून निघणार नाही. शब्द तू दिलास, तूच बस.”

तो बसला. पहिली आली ती शिवणवालीच. तिनं वडी दाबून पाहिली, उलटी करून पाहिली, बेंबी नव्हती. भाव विचारला. यानं सांगितला, आणि ती काही बोलायच्या आत ताप, उंची, पोरगी, सगळं एका दमात सांगून मोकळा झाला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे खड्डा भरला नाहीच,” ती म्हणाली. “साबणातून आमच्या पाकिटात गेला.”

 तिनं पैसे मोजून ठेवले, भरलेली वडी पिशवीत टाकली आणि पायरीवरून मागं वळली.

“तुमची पँट शिवून झालीय. शिलाई वाढवलीय मी. न्यायला याल तेव्हा ते उंचीचं मी तुम्हाला समजावून सांगीन.”

अक्का पाठमोरी होऊन डबे लावत होती. तिचे खांदे हलत होते. तो स्टुलावरून उठला नाही. पुढची बाई पायरी चढत होती.