इंजिनाला थाप मारणारं बटण

गॅरेजला लागून दुकान असलं की माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात. कपड्यांवर ऑइलचे डाग आणि डोक्यात किस्से. डाग धुऊन निघाले. किस्से मात्र कुणी गाडीचं बॉनेट उघडलं की अजून बाहेर पडतात.

माझं भिवंडीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. शेजारी हनीफभाईंचं गॅरेज. मध्ये पत्र्याची भिंत, आणि चहाचा ग्लास जाईल एवढं भोक तिला आम्हीच पाडलेलं. हनीफभाई कार्बोरेटरचे उस्ताद. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून सांगायचे, "पेट्रोल ज्यादा पी रही है."

मग नव्वदीच्या शेवटी इंजेक्शनच्या गाड्या आल्या. आमच्याकडे पहिली आली ती मानकोलीच्या काळूशेठची. रस्त्याकडची जमीन विकून घेतलेली, नवीकोरी!

"हनीफ, पिकअप न्हाय रं हिला," काळूशेठ म्हणाले.

हनीफभाईंनी बॉनेट उघडलं. वरून पाहिलं, खाली झोपून पाहिलं. मग काळूशेठना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "शेठ, गाडी आधी कुणाकडे दिली होती? कार्बोरेटर काढून घेतलाय!"

*

या गाड्यांत कार्बोरेटरच नसतो, पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, हे कळल्यावर हनीफभाई दोन दिवस चहाला भोकाशी आले नाहीत. माणूस खरंच खचला होता. तिसऱ्या दिवशी मीच गेलो.

म्हटलं, "हनीफभाई, हा कॉम्प्युटर काही इंजिनाला हात लावून बघत नाही. एक सेन्सर वायरीतून त्याला सांगतो, इंजिन गार आहे की गरम. गार असलं की तो पेट्रोल जास्त सोडतो. आपण त्या वायरीत जुन्या रेडिओचं व्हॉल्यूमचं बटण घालू. बटण फिरवलं की त्याला वाटेल, इंजिन गारच आहे. सोडेल पेट्रोल!"

"मतलब, गाडी से झूठ बोलना है?"

"थोडंसं."

हनीफभाई गंभीर झाले. "मिलिंद, तीस साल गिऱ्हाईकाशी खोटं बोललो. गाडीशी कधी नाही!"

पण बसवलं. काळूशेठ शेलार गावापर्यंत चक्कर मारून आले ते दात दाखवतच. "पलते रं, पलते!" हनीफभाईंनी भोकातून पहिला चहा मला दिला.

*

बटण बसवलं होतं डॅशबोर्डवर, टेपच्या शेजारी. तिथंच चुकलं.

काळूशेठ सहकुटुंब वज्रेश्वरीला निघाले. टेपवर वहिनींचं आवडतं गाणं लागलं. वहिनींनी व्हॉल्यूमचं बटण बघितलं आणि पूर्ण फिरवलं! गाडीने दोन आचके दिले, मागून काळाकुट्ट धूर सोडला आणि उतारावरच बंद पडली. मागचा एसटीवाला शिव्या देत खाली उतरला.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "शेठ, टेप बिघडलाय तुमचा. आवाज वाढवला तर मागून धूर येतो!"

*

आमचे एक गिऱ्हाईक होते माने सर, गणिताचे मास्तर. त्यांना पिकअप नको, अ‍ॅव्हरेज हवं. त्यांचं बटण मी उलटं जोडून दिलं. इंजिन आहे त्याहून गरम आहे असं वाटावं, म्हणजे पेट्रोल कमी येईल. बजावून सांगितलं, "सर, थोडंच फिरवा."

मास्तर माणूस, अर्ध्या मार्कावर कसा थांबेल? आठवड्याने आले, छाती फुगवून. "मिलिंद, कालचं अ‍ॅव्हरेज सव्वीस!"

हनीफभाई चाटच पडले. "सर, काल कुठं गेला होतात?"

"शेलारला. येताना मध्येच बंद पडली. चार माणसांनी ढकलत आणली."

"आणि ते अंतर?"

"तेही धरलंय," सर म्हणाले. "गाडीच चालली ना?"

*

त्याच सरांची गाडी धुराच्या तपासणीला नेली. मी बटण फिरवून पेट्रोल आणखी जरा कमी केलं. तपासणीवाल्याने नळी सायलेन्सरमध्ये घातली, मशीनकडे बघितलं आणि उठून माझा हात हातात घेतला. "साहेब, एवढी स्वच्छ गाडी आयुष्यात बघितली नाही. सगळे आकडे शून्य!"

हनीफभाईंनी बॉनेटला कान लावला. "साब, गाडी तो बंद पड गयी है."

*

आता शेवटचा. आधीच सांगतो, आई आणि बाळ दोघंही सुखरूप आहेत. नाहीतर मला हा सांगवला नसता.

मे महिना. मी आणि हनीफभाई मानकोलीला काळूशेठकडे जेवायला गेलो होतो. बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या त्यांच्या लेकीला, सुनंदाला, भर दुपारी कळा सुरू झाल्या. वहिनींसकट सगळे गाडीत. काळूशेठनी लवकर पोचायचं म्हणून बटण जवळजवळ टोकाला नेलं आणि पुढच्याच नाक्यावर ट्रकच्या गर्दीत अडकलो.

तापमानाच्या काट्याची वायर वेगळी, तो लाल पट्टीत गेला. कॉम्प्युटर समजतोय इंजिन गार, मग तो रेडिएटरचा पंखा लावेलच कशाला? मी घाईघाईने बटण मागे फिरवलं, तर ते तुटून हातातच आलं! मागे सुनंदा ओरडतेय, पुढे वाफ यायला लागलेली, आणि हे सगळं माझ्या हातच्या कामामुळे.

"हीटर लगाओ!" हनीफभाई ओरडले.

"मे महिन्यात?" काळूशेठ.

"इंजिनची गरमी आत खेचली तरच गाडी जगेल. लगाओ, शेठ!"

हीटर फुल्ल लावला. भट्टीच झाली. काटा हळूहळू खाली आला, पण आम्ही पाचही जण उकडून निघालो. सुनंदाने तेवढ्या कळांमध्येही माझं नाव घेऊन जे काही म्हटलं, ते इथं सांगत नाही.

दवाखान्यात पोचलो. डॉक्टरबाईंनी सुनंदाच्या कपाळाला हात लावला आणि त्यांचा चेहराच बदलला. "हिला एवढा ताप कधीपासून आहे?"

हनीफभाई पुढे झाले. घामाने चिंब, हात जोडलेले.

"डॉक्टरसाब, वो बुखार इसका नहीं है. हमारी गाडी का है!"

बाईंनी एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि नर्सला म्हणाल्या, "पेशंटला आत घ्या. आणि या काकांना एक खाट द्या."