न वगळलेलं प्रकरण

“हे प्रकरण मी वगळणार नाही, सर.”

चंद्रावती हे शांतपणे म्हणाली, पण खोलीत बसलेले आम्ही सगळेच खाली बघायला लागलो. शिवदास सरांना असं कोणी बोलत नसे. ते आमचे मार्गदर्शक. प्रबंधावर त्यांची सही झाल्याशिवाय तो पुढे जात नसे.

मी शुभांगी, डिचोलीची. पणजीजवळच्या एका संशोधन संस्थेत चंद्रावती केरकरचं आणि माझं टेबल शेजारी-शेजारी होतं. गोवा राज्य होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. ती पेडण्यातल्या केरीची. वडील तेरेखोलच्या फेरीबोटीवर कामाला होते, ते ती कॉलेजात असतानाच वारले. शाळा सगळी मराठीतून झालेली, त्यामुळे इंग्रजी बोलताना ती वाक्य आधी मनात जुळवी. मध्ये कोणी हसलंच तर म्हणायची, “थांबा, माझं संपलं नाही,” आणि वाक्य पुरं करायची.

समुद्राच्या तळाशी काही ठिकाणी गरम पाण्याचे झरे असतात. तिथला एक जिवाणू सरांनी परदेशातून मागवला होता. हात पोळेल अशा खाऱ्या पाण्यात तो मजेत वाढतो. चंद्रावतीने त्याच्या पाण्यातलं मीठ वाढवलं, मग उष्णता वाढवली, आणि दोन्ही वेळा तिला दिसलं की जिवाणू आपल्या पेशीत एक छोटा सेंद्रिय रेणू साठवतो आहे. मीठ नाही, प्रथिन नाही. साखरेच्या जातीचं काहीतरी. तिचा कयास होता की हा रेणू त्याला तगवतो. मिठामुळे आतलं पाणी ओढलं जाऊ देत नाही आणि उष्णतेत प्रथिनं विस्कटू देत नाही.

सरांचं मत वेगळं होतं. जिवाणूंच्या खाद्यात आम्ही यीस्टचा अर्क घालायचो. “तो रेणू त्या अर्कातून आलाय,” सर म्हणाले. “जिवाणू आयता उचलतो आणि तू त्यालाच शोध समजतेस. बाकीची प्रकरणं पुरेशी आहेत. हे काढ आणि प्रबंध दे.”

सर वेडंवाकडं बोलत नव्हते. असं घडतं, हे आम्हालाही माहीत होतं. पण चंद्रावती म्हणाली, “मग यीस्ट काढून बघते. तरीही रेणू दिसला तर?”

“यीस्टशिवाय तो वाढणार नाही.”

“ते त्यालाच विचारते.”

तो खरंच वाढेना. ती साखर, क्षार, एकेक अमिनो आम्ल मोजून खाद्य बनवायची, त्यात जिवाणू सोडायची आणि बाटली गरम पाण्याच्या टाकीत हलत ठेवायची. बाटली नितळच्या नितळ. कधी वीज जायची आणि टाकी थंड व्हायची, की पुन्हा पहिल्यापासून. सरांनी तिला मना केलं नाही, पण तिच्या कामाबद्दल विचारायचंच सोडून दिलं. ते जास्त जाचायचं.

त्याच काळात तिला डिचोलीचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला होता, माझ्या ओळखीतला. बघायला आलेल्या त्याच्या आत्याने विचारलं, “लग्नानंतर हे सोडणार ना?”

चंद्रावतीने चहाचा ट्रे खाली ठेवला. “नाही. आणि ‘बघू’सुद्धा म्हणणार नाही. मागाहून तुमचीच फसगत व्हायची.”

पाहुणे फार वेळ बसले नाहीत. भाऊ, रुद्रेश, आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. आई फक्त म्हणाली, “बाये, तुका सगळ्या जगात जिवाणूच गावलो?” पण सोमवारी सकाळी तिने नेहमीसारखे उंडे पाव आणि भाजी बांधून दिली.

खाद्यात एक जीवनसत्त्व कमी पडत होतं. ते घातल्यावर बाटली गढूळ झाली. चंद्रावती ती हातात धरून माझ्याकडे आली आणि उजेडात हलवत राहिली. पेशी उकळत्या अल्कोहोलमध्ये घालून तिने आतले रेणू काढले, यंत्रात घातले. खाद्यात यीस्टचा कण नव्हता, तरी तो रेणू होता. मीठ वाढवलं की तोही वाढायचा.

सरांनी आलेख दोनदा पाहिला. “बरं,” म्हणाले. मग रेणूची रचना शोधण्यासाठी नमुने मुंबईला पाठवले गेले आणि तिथे रांगेत पडून राहिले. उत्तर येण्याआधीच ग्रंथालयात एक परदेशी नियतकालिक आलं. दुसऱ्या देशातल्या गटाने तशाच जिवाणूत तसाच रेणू शोधला होता, रचनेसकट.

चंद्रावती त्या दिवशी जेवली नाही. दुपारी सरांनी बोलावलं. आवाजात या वेळी कठोरपणा नव्हता. “आता तरी सोड. पहिली तू नाहीस.”

“पहिली नाही, सर. पण खोटीही नाही. त्यांनी रेणू काय आहे ते सांगितलं. तो प्रथिनाला खरंच वाचवतो का, ते मी बघते.”

आणि तिने बघितलं. एक नाजूक एन्झाइम नुसत्या पाण्यात तापवलं, तेच त्या रेणूबरोबर तापवलं. पहिलं निकामी झालं, दुसऱ्यातलं बरंचसं शाबूत राहिलं. सरांनी सही केली. “परीक्षकांनी खोदून विचारलं, तर मी मधे पडणार नाही,” हेही सांगितलं.

मौखिक परीक्षेला सभागृह भरलं होतं. आई केरीहून पहाटेच्या बसने आली होती आणि मागच्या ओळीत बसली होती. बाहेरच्या राज्यातून आलेल्या परीक्षकांनी चंद्रावतीला तासभर पिळलं. एका प्रश्नाला ती सरळ म्हणाली, “माहीत नाही. हा प्रयोग मी केलेला नाही.” शेवटी त्यांनी श्रोत्यांना विचारलं, कोणाला काही शंका?

आई उभी राहिली. “इतकी वर्सां तू हंय काय केलंस, ता माका समजात असा सांग.”

सभागृहात हशा पिकला. परीक्षक इंग्रजीत म्हणाले, “कृपया इंग्रजीतच.”

चंद्रावती म्हणाली, “प्रश्न इंग्रजीत आलेला नाही, उत्तरही इंग्रजीत देणार नाही. तुमच्यासाठी नंतर इंग्रजीत सांगते.” मग ती आईकडे वळली. “आई, कैरीच्या फोडी मिठात घातल्या की पाणी सुटून आकसतात ना? हा जिवाणू मिठात राहतो, वर उकाड्यातही, पण आकसत नाही. तो आत एक वस्तू तयार करून साठवतो, म्हणून तगतो. सगळे म्हणाले, ती त्याने बाहेरून घेतली. मी दाखवलं की तो ती स्वतः करतो.”

“आनी कोण मानूक तयार नव्हतो?”

चंद्रावतीने क्षणभर सरांकडे पाहिलं. “पुरावा नव्हता तोवर कोणीच नव्हतं. ते बरोबरच होतं.”

हसणारे थांबले होते. आई खाली बसली.

पदवी लगेच मिळाली नाही. जो प्रयोग केलेला नव्हता, तो परीक्षकांनी करून आणायला सांगितला. त्यात पावसाळा गेला. तिने तो केला आणि उत्तर तिच्या कयासाच्या उलट आलं. थंड पाण्यात परतल्यावर जिवाणू तो रेणू खाऊन टाकेल असं तिला वाटलं होतं. त्याने तो बराचसा बाहेर टाकून दिला. तिने आपला कयास चुकला असं लिहिलं आणि तेही त्याच प्रकरणात घातलं.

पुढे ती पेडण्याच्या एका कॉलेजात शिकवायला लागली. मुलं इंग्रजीत अडली की ती म्हणते, “मराठीत सांग, कोंकणीत सांग, पण पुरं सांग.” प्राचार्यांनी एकदा तिला विचारलं, गरम पाण्याची टाकी कशाला हवी, अभ्यासक्रमात तर नाही. परवा मी गेले, तेव्हा टाकी जनेलाखाली, खिडकीच्या उजेडात, चालू होती आणि अभ्यासक्रम अजून जुनाच होता.