लोकरीच्या दोऱ्याचं माप

आमच्या मागच्या सगळ्या पिढ्या मेंढरांमागं फिरल्या. साठ सालाच्या आगेमागे आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दौंडजवळ नदीकाठी घराण्यातलं पहिलं घर बांधलं, तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. थोरले चुलते अजून पालातच राहत. "भिंतीत कोंडून घ्यायची हौस आलीय त्याला," असं ते भेटेल त्याला सांगायचे. त्यामुळे आप्पांना घर नुसतं उभं करायचं नव्हतं, ते भावकीच्या डोळ्यांत भरायला हवं होतं. आईनं शिरूरला एका घराच्या ओसरीला लाकडाची नक्षीदार झालर पाहिली होती. तशीच आपल्या ओसरीला लावायची असं दोघांनी ठरवलं.

झालर करणारे मिस्त्री शिरूरचे, मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकलेले ख्रिस्ती गृहस्थ. त्यांनी निरोप धाडला, दोन खांबांमधलं माप द्या. आमच्या घरात टेप कुठला असायला! आप्पांनी स्वतः कातलेला लोकरीचा दोरा घेतला, दोन खांबांमध्ये ताणून धरला, दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि गुंडाळून पटक्यात खोचला. दुसऱ्या दिवशी एसटीनं शिरूरला जाऊन ते माप देऊन आले. ताणताना एक टोक मीच धरलं होतं आणि मलाही काही सुचलं नाही, हे कबूल करते.

घरभरणीच्या दोन दिवस आधी मिस्त्री एसटीच्या टपावर झालर लादून आले. सागाच्या फळीत वेली आणि मोर इतके नाजूक कोरले होते, की आई नुसती त्यावरून हात फिरवत राहिली. वर चढवून पाहिली, तर झालर वीतभर तोकडी.

मिस्त्रींनी खिशातून आमचाच दोरा काढला आणि एक टोक माझ्या हातात दिलं. ताणला, तर या खांबापासून त्या खांबापर्यंत पोचला. सैल सोडला, तर आखडून वीतभर मागं आला. ताणलेली लोकर आखडते हे ज्या माणसाला जन्मापासून ठाऊक, त्यानंच तिच्यावर माप घेतलं होतं. आप्पांचा चेहरा बघवेना.

तेवढ्यात चुलते चार भाऊबंदांना घेऊन अंगणात आले. वर बघून खदखदून हसले. "काय वो मिस्त्री, शिरूरला वीत ल्हान असती का?"

"चुकलं माझं," मिस्त्री म्हणाले आणि दोरा गुपचूप खिशात घातला.

आप्पांनी ते तसंच चालू दिलं. मला त्यांचा इतका राग आला, की त्या दिवशी मी त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा दिला नाही.

पुढचे दोन दिवस मिस्त्री ओसरीवर बसून, दोन्ही टोकांना जोडायचे तुकडे कोरत होते. येणारा-जाणारा पाहुणा काहीतरी लागेल असं बोलून जायचा. एकजण त्यांना दारांचं काम देणार होता, तोही आता "बघू" म्हणाला. मिस्त्री खाली मान घालून पटाशी चालवत राहिले. परक्या माणसानं आमच्यासाठी एवढं का सोसावं? त्यांचे मानावेत तेवढे आभार थोडेच आहेत, आणि तोंडावर मी ते कधी मानले नाहीत.

घरभरणीच्या पंगतीत आप्पांनी मिस्त्रींना आपल्या शेजारी बसवलं. पानं वाढून झाली आणि कुणी घास उचलायच्या आत आप्पा उभे राहिले.

"झालर तोकडी पडली ती माझ्यापायी," ते म्हणाले. "माप म्या दिलं, लोकरीचा दोरा ताणून. ह्यांनी माझी लाज राखली, आन् म्या दोन दिस ह्यांची जाऊ दिली."

माझा राग कुठल्या कुठं गेला, डोळे भरून आले. मिस्त्री नको नको म्हणत आप्पांचा हात धरून त्यांना खाली बसवू लागले. चुलत्यांनी मान वर करून झालर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. जोड कुठं आहे ते शोधून सापडत नव्हतं. मग ते मिस्त्रींकडं वळले.

"मिस्त्री, म्या कवा घर बांधलं तर मापाला तुमीच या. आमच्याकडं बी दोरा लोकरीचाच हाय."