अण्णांचा शिधा

आईवडिलांचा कंटाळा आला, असं लिहायला हात धजत नाही. पण खरं तेच आहे. त्या डिसेंबरात माझे आईवडील परभणीजवळच्या बोरीहून स्वीडनला आमच्याकडे चार आठवडे राहायला आले, आणि दहाव्या दिवशी मी ऑफिसच्या बाथरूमात कमोडचं झाकण लावून त्यावर नुसती बसून राहिले होते. रडत वगैरे नव्हते. तिथे मला कुणी काही विचारत नव्हतं, एवढंच सुख होतं.

नाताळच्या सुट्टीत त्यांना बोलावलं मीच. मला रजा मिळेल, निवांत गप्पा होतील, असा हिशेब. प्रत्यक्षात रजा सुरू होईपर्यंतच मी निम्मी झाले. अण्णा पहाटे पाचला उठून घरभर येरझाऱ्या घालत. शेवटी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दाराखालून फार सभ्य शब्दांत लिहिलेली चिठ्ठी सरकवली. इमारतीत कपडे धुवायची खोली तळघरात आहे आणि तिथली पाळी आठवडाभर आधी लावून ठेवावी लागते. आईला हे काही केल्या पटेना. "धुनं काय टायम घेऊन धुत्यात का?" असं म्हणून ती रोज न्हाणीघरातच धोतरं आपटायची आणि घरातल्या एकूण एक हीटरवर वाळत घालायची. दुपारी तीनला अंधार पडला की अण्णा खिडकीशी जाऊन म्हणायचे, "दिवस कुठं गेला?" पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. पुढं पुढं शनिवार-रविवारी तीन वाजत आले की मी उठून दुसऱ्या खोलीत जायची.

पण खरा दम काढला तो दोन स्वयंपाकांनी. आमच्या घरात जुनी रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही. नातवंड झालं की मग बाप तिच्याकडे हक्कानं पानावर बसतो. माझ्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती, आणि मूल नव्हतं. म्हणून अण्णा चार आठवड्यांचा शिधा बरोबर घेऊन आले. ज्वारीचं पीठ, तूरडाळ, शेंगदाण्याची चटणी, येसराच्या आमटीचा मसाला, गूळ, चहापत्ती, अगदी मीठसुद्धा. विमानतळावर त्या बॅगा उचलताना माझ्या नवऱ्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो आईलाही ऐकू गेला.

दूध आणि भाजी अण्णा स्वतः आणत, बर्फातून काठी टेकत. पाणी चालायचं, कारण नळ सरकारचा. "आणि शेगडीच्या विजेचं काय?" असं माझ्या नवऱ्यानं एकदा चेष्टेनं विचारलं. अण्णांनी ते मनावर घेतलं. आई म्हणाली, "अवो, इथं परमुलखात कोन बघायलंय?" तर म्हणाले, "मी बघायलो ना."

त्यामुळे चार वितींच्या ओट्यावर सकाळ-संध्याकाळ दोन चुली चालल्यासारखं झालं. आधी आई त्यांच्या भाकरी थापणार, धुराचा अलार्म वाजणार, मी खुर्चीवर चढून तो बंद करणार, मग आमचा वरणभात. मी केलेलं आई मात्र खायची. अण्णा फिरायला गेले की ओट्याशी उभी राहून, पातेल्यातूनच. "बरं झालंय," म्हणायची, तोंड पुसायची, "ह्यांना सांगू नको." तिच्यामुळे ते दिवस निभले.

मला राग रीतीचा नव्हता. बोरीत असते तर कदाचित मी तिच्यावर हसलेही असते. पण त्याच ऑक्टोबरात आमचा मुलासाठीचा तिसरा आणि शेवटचा उपचार फसला होता. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून, पाण्याचा पेला पुढे करून सांगितलं होतं की आता यापुढे अर्थ नाही. हे आम्ही घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणजे अण्णा ज्या दिवसाची वाट बघत आपलं मीठ आपल्या पिशवीतून काढत होते तो दिवस येणारच नव्हता, आणि हे माहीत असताना मी रोज त्यांच्यासमोर वेगळं ताट घेऊन जेवत होते. त्यांनी एकदा, एकदाच माझ्या हातचं खावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मूल हवं, तर ते मी कुठून आणू?

सुट्टी लागली त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की अण्णा दीड भाकरीवरून एकीवर आलेत. भूक नाही म्हणाले. मी पिठाची पिशवी उचलून पाहिली तर ती तळाला गेली होती, आणि त्यांच्या जायला अजून दोन आठवडे होते.

आईला विचारलं, "तू इतकं कमी कसं मोजलंस?" माझी आई पिठात चुकणाऱ्यातली नाही. लग्नाच्या पंगतीचं पीठ ती नजरेनं सांगते.

तिनं आधी ऐकू न आल्यासारखं केलं. मग उठली, बॅगेच्या तळातून एक गाठोडं काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. बाळाच्या मापाच्या दोन लहान गोधड्या होत्या, तिच्या जुन्या लुगड्यांच्या, बारीक टाक्यांच्या, जाडजूड. "हितं लय गारठा असतोय म्हनलीस ना तू. जड झाल्या, मग पिठाची एक पिशवी काढून ठिवली. ह्यांना ठाऊक न्हाई."

मी त्या गोधड्या हातात घेतल्या आणि माझ्यात जे काही उरलंसुरलं होतं तेही संपलं. गेले दोन महिने कसं सांगायचं याची मी मनात किती तरी वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. "आई, आता नाही होणार," एवढंच म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलं. संपलं ते."

आई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जशी ताप आल्यावर फिरवायची. मग गोधड्यांची पुन्हा घडी घातली, पण त्या बॅगेत ठेवल्या नाहीत. माझ्या कपाटात, माझ्या कपड्यांखाली ठेवल्या. म्हणाली, "तुझ्या गुडघ्यावर घेत जा."

दुसऱ्या दिवशी मी आगगाडीनं चाळीस मिनिटं जाऊन आपल्याकडच्या सामानाच्या दुकानातून ज्वारीचं पीठ आणलं आणि गुपचूप अण्णांच्या पिशवीत ओतलं. उपाशी तर ठेवायचं नव्हतं, आणि उद्यापासून सगळी दुकानं बंद होणार होती. खरं सांगायचं तर थोडं समाधानही वाटलं. कळत नाही तर नाही, माझ्या घरचे दाणे त्यांच्या पोटात जाणार होते. नोकरीत आकड्यांची कामं करणाऱ्या माझ्यासारख्या शहाण्या बाईला एवढं सुचलं नाही, की ज्यानं आयुष्यभर ज्वारी पेरली, राखली, खळ्यावर मळली त्याला पीठ ओळखू येतं. आईनं तर ते मळायला घेतलं तेव्हाच माझ्याकडे पाहिलं होतं. पीठ जुनं, विरी म्हणजे चिकटपणा गेलेलं, परातीतच भाकरीच्या कडा चिरत होत्या. तिनं गरम पाणी घातलं, कशीबशी थापली आणि तव्यावर टाकली.

नाताळचा आदला दिवस होता. समोरच्या सगळ्या खिडक्यांत दिवे लागले होते आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अण्णांनी तुकडा मोडला, चघळला आणि थांबले.

"ह्या पिठाला विरी न्हाई," ते म्हणाले. "आपलं न्हाई हे."

माझ्या नवऱ्यानं खाली मान घातली. मी भांडायच्या तयारीनं उभी राहिले. नऊ वर्षांचं सगळं तोंडाशी आलं होतं, रीत, पिशव्या, मीठ, सगळं. म्हटलं, "अण्णा, मी आणलं ते. मीच ओतलं. तुम्ही उपाशी राहायला लागलात म्हणून."

अण्णा ताटाकडे बघत होते. मग त्यांनी वाटी माझ्यापुढे सरकवली.

"बस खाली, माय," ते म्हणाले. आमच्याकडे लेकीलाही माय म्हणतात. "तुझ्या घरची भाकर खाल्ली, आता तुझ्या हातचं वरनबी वाढ की. कोरडं किती खाऊ?"

मी वाढलं. थोडं वरण ताटाबाहेर सांडलं. अण्णांनी वरण खाल्लं, मग भात मागितला, मग कोबीची भाजी मागितली, जी त्यांना मुळीच आवडत नाही. इतकं आग्रहानं मागून जेवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी मूर्खासारखी लोणच्याची बरणी शोधायला उठले.

बरणी घेऊन वळले तेव्हा आई दिसली. ती भिंतीकडे तोंड करून, पदर तोंडाला लावून उभी होती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आईनं त्यांना सांगितलं होतं.

इतकी वर्षं मला वाटत होतं की अण्णा न जेवून माझा अपमान करतात. ते नातवंडाची वाट बघत होते. गावात, जगात, कदाचित माझ्या स्वतःच्या घरातही, अजून वाट बघणारे ते एकटेच उरले होते. आता तेही जेवायला बसले होते.

"लोनचं आन की," अण्णा म्हणाले. मी त्यांच्या ताटात लोणचं वाढलं आणि मला वाटलं, यांनी अजून दहा वर्षं माझ्याकडे जेवायचं नाकारलं असतं तरी चाललं असतं.