शामकांत सरांची दाढी

काष्टीच्या बाजारतळाकडून आत वळलं की तिसऱ्या गाळ्यात गोरक्षचं सलून. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, मागच्या बाजूला राहतं घर. पण त्याला खरा मान वाटायचा तो दुकानाबाहेरच्या एका गिऱ्हाइकाचा. शामकांत सर गावच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर. चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन त्यांचा उजवा हात गेला. तेव्हापासून दर बुधवारी आणि रविवारी गोरक्ष घरी जाऊन त्यांची दाढी करी. एकदा तो परगावी गेलेला असताना सुनेनं दौंडहून दुसरा कारागीर बोलावला, तर सरांनी त्याला गालाला हात लावू दिला नाही. ही गोष्ट गोरक्षनं दुकानात इतक्यांदा सांगितली होती, की त्याची बायको पंकजा म्हणायची, "आता पाटीच लावा बाहेर."

२०२२चा जानेवारी होता. करोना पुन्हा वाढला होता. बुधवारी सरांची सहस्रचंद्रदर्शनाची शांत. घरचीच माणसं, पण नोकरीसाठी पुण्यात असलेला मुलगा सुहास आणि त्याच्या बहिणी येणार होते. आदल्या रविवारी सून लीनानं गोरक्षच्या हातात एक छोटा खोका ठेवला.

"बाबांची छाती नाजूक आहे. घरात येणाऱ्या प्रत्येकाला एकेक किट देतेय. बुधवारी निघण्याआधी टेस्ट करा. एक रेघ आली तर या, दोन आल्या तर नुसता फोन करा. मी वाईट वाटून घेणार नाही."

"करतो की, वहिनी."

मंगळवारी संध्याकाळी त्याचा घसा खवखवला. बुधवारी उठला तर अंग मोडून आलेलं, डोळे जड. खोका आरशाखालच्या फळीवर, तुरटीशेजारी तसाच पडला होता.

"करून टाका ना," पंकजा म्हणाली. "पंधरा मिनटाचं काम."

"थंडी लई पडलीय, त्यानं हुतंय."

"मग करायला काय जातंय?"

दोन रेघा आल्या तर काय, हे गोरक्षला ठाऊक होतं. वहिनी दुसऱ्या कुणाला तरी बोलावतील. आज एवढी माणसं जमणार, फोटो निघणार. सरांना दुसऱ्याकडून करून घ्यावीच लागेल. आणि त्या दुसऱ्याचा हात सरांना आवडला तर? त्यानं क्रोसिनची गोळी घेतली, मास्क लावला आणि पेटी उचलली.

लीना दारातच उभी होती. "केलीत टेस्ट?"

"केली. एकच रेघ आली."

शब्द इतके सहज निघाले, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. आतून सर म्हणाले, "अगं, त्याला काय विचारतेस? ये रे गोरक्ष."

त्यानं दाढी केली. सरांचा चेहरा त्याच्यापासून वीतभर होता. वरचा ओठ करताना सर नेहमीसारखे तोंड थोडं उघडं ठेवून, डोळे मिटून बसले होते. गरम पाण्याच्या वाफेनं मास्क ओला झाला, तो त्यानं एकदा नाकाखाली ओढला. एकदा खोकला आला, तो मान वळवून गिळला.

दुकानात परत आल्यावर मात्र त्याला उभं राहवेना. अर्धं शटर ओढून त्यानं खोका उघडला. काडी नाकात फिरवली, नळीतल्या पाण्यात घोळवली, पट्टीवर थेंब टाकले. मोबाईलवर पंधरा मिनिटं लावली आणि पट्टीकडे पाठ करून बसला. पण समोर आरसा होता. आरशात ती पट्टी दिसत होती. पहिली रेघ उमटली. मग दुसरी, आधी पुसट. त्यानं उठून ती उजेडाला धरली. वेळ संपायच्या आत ती पहिलीइतकीच ठसठशीत झाली.

त्यानं फोन लावला.

"वहिनी, माझं पॉझिटिव्ह आलंय."

"अरे देवा! सकाळी तर निगेटिव्ह होतं ना?"

तिनंच वाट करून दिली होती. गोरक्षनं ती धरली. "व्हय. सकाळी एकच रेघ हुती. आता दोन आल्या."

"बरं झालं लगेच सांगितलंत. अजून कोणी पोचलेलं नाही, थांबवते सगळ्यांना." मग ती एकदम थांबली. "पण गोरक्ष, किट तर मी एकच दिलं होतं."

बाहेरून एक टेम्पो भोंगा वाजवत गेला. गोरक्षनं हातातली पट्टी फळीवर ठेवली.

"सकाळी केलीच न्हाई, वहिनी. खोटं बोललो."

फोन बंद झाला.

शांत रद्द झाली. चौथ्या दिवशी सरांना ताप चढला. गोरक्ष मागच्या खोलीत एकटा पडून होता, आणि मेडिकलवाल्या अमृतकडून पंकजा जी बातमी आणेल तेवढीच त्याला कळत होती: ऑक्सिजन त्र्याण्णव, श्रीगोंद्याहून डॉक्टर येऊन गेले, आज थोडी पेज घेतली. एरवी दिवसभर बोलणारा माणूस, पण जेवणाचं ताट सरकवताना पंकजा समोर आली तरी तो भिंतीकडे तोंड करायचा. तिनं त्याला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटे.

सर निभावले, पण अंथरुणातून उठायला महिना गेला. फेब्रुवारीच्या अखेरीस सरांचा निरोप आला, 'ये.'

लीनानं दार उघडलं. "या," म्हणाली. पूर्वी ती चहा ठेवायला आत जायची. आज खोलीच्या दारातच उभी राहिली. सर वाळून गेले होते. पांढरी दाढी वाढलेली. गोरक्षनं टॉवेल त्यांच्या गळ्याभोवती गुंडाळला.

"सर, माझं लई चुकलं."

"मला का नाही सांगितलंस? दाढी न करता बसलो असतो मी."

"तुमी दुसऱ्याला बोलावलं असतं."

"मग?" सर म्हणाले.

गोरक्षनं मान खाली घालून फेस केला आणि दाढी केली. पूर्वीपेक्षा हलक्या हातानं, कारण गालांत मांस उरलं नव्हतं.

दौंडच्या कारागिराची गोष्ट त्यानं पुन्हा दुकानात काढली नाही. अजूनही बुधवारी आणि रविवारी तो जातो. चप्पल काढायच्या आधी दाराबाहेरूनच सांगतो, "वहिनी, आज सर्दी न्हाई, ताप न्हाई. कालच्याला पोट जरा बिघडलं हुतं." लीना त्याला कधी विचारत नाही. ऐकून घेते आणि बाजूला होते.