बारा लाटण्यांचा ओटा

प्रभाताई सामंत कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की चपला काढून थेट स्वयंपाकघरात शिरायच्या आणि ओट्याच्या कडेवरून तळहात फिरवायच्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. लंडनच्या हॅरो भागातल्या निम्म्या मराठी बायका त्यांच्यावर नाराज होत्या त्या एवढ्याच कारणाने. माझ्या घरी त्या आल्या तेव्हा मीही मनातून चिडले होते, कारण तो ओटा मी सकाळपासून दोनदा पुसला होता. प्रभाताईंचा हात सिंकपाशी थांबला. त्यांनी बोटाने टकटक केलं, कान खाली नेला आणि म्हणाल्या, "इथं पाणी मुरतंय गं, लव्ह. आत भुसा फुगलाय. आत्ताच बघ, नाहीतर सगळी फळी जाईल."

त्या धूळ बघतच नव्हत्या. वरचा सनमायका कुठे सुटलाय, हे बघत होत्या. पण हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

चौऱ्याहत्तर वर्षांच्या, बुटक्या, मूळच्या कोल्हापूरच्या. साडीवर पुरुषी कार्डिगन, त्याच्या खिशात पेन्सिलीचा तुकडा. सगळ्यांना "लव्ह" म्हणायच्या. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष डॉ. कर्णिक यांनासुद्धा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती एक मुलगी मीरा साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. प्रभाताई घरात एकट्या राहायच्या. आयुष्यभर वॉटफर्डला "फॅक्टरीत" जायच्या, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. पॅकिंग-बिकिंग करत असतील असं आम्ही गृहीत धरलं होतं. आम्ही म्हणजे पुण्या-मुंबईहून लॅपटॉप घेऊन आलेली मंडळी. विचारलं कुणीच नाही.

मंडळातर्फे दर बुधवारी एका जुन्या चर्चच्या हॉलमध्ये ज्येष्ठांसाठी जेवण असायचं. जेवण घरोघरी शिजून यायचं, हॉलच्या किचनमध्ये गरम करून वाढायचं. तीसएक माणसं यायची. त्यांतल्या कितीतरी जणांशी आठवडाभरात मराठीत बोलणारं दुसरं कुणी नसायचं. टॉवेलएवढा स्वच्छ रुमाल मांडीवर पसरून बसणारे पटवर्धनआजोबा तर सोमवारीच फोन करून मला विचारायचे, "स्मिताबाई, बुधवारी आहे ना नक्की?"

एका बुधवारी कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, इन्स्पेक्टर आली. तरुण, नीटस, बोलायला गोड. तिने किचनचा ओटा पाहिला. चाळीस वर्षांपूर्वीचा तपकिरी लॅमिनेट. जागोजागी गरम पातेल्यांच्या काळ्या चकत्या, कडेची पट्टी उखडलेली, सिंकजवळ भुसा पाव फुगावा तसा वर आलेला. ती म्हणाली, भेगांत घाण साठते, नीट पुसताच येणार नाही असा पृष्ठभाग अन्नासाठी चालणार नाही. पुन्हा तपासायला यायची तारीख दिली आणि गेली. हॉल सांभाळणारी बार्बरा मला बाजूला घेऊन म्हणाली की नवा ओटा बसवण्याइतका पैसा हॉलच्या ट्रस्टकडे यंदा नाही. त्या तारखेपासून किचन बंदच ठेवावं लागेल.

मी इंटरनेटवर व्हिडिओ बघितले. संगमरवरासारखा दिसणारा चिकट प्लास्टिक कागद मागवला आणि एका शनिवारी उत्साहाने ओट्यावर चिकटवला. दिसत छान होता. बुधवारी त्यावर आमटीचं गरम पातेलं ठेवलं आणि माझ्या संगमरवराला पुऱ्यांसारखे फुगे आले.

प्रभाताई आल्या. एक फुगा बोटाने दाबून म्हणाल्या, "खाली तेलकट ठेवलंस. वरून पावडर लावली म्हणून ताप जातो होय?"

त्याच संध्याकाळी कमिटीची मीटिंग झाली. डॉ. कर्णिकांनी त्यांच्या शांत, निदान सांगायच्या आवाजात सुचवलं की ज्येष्ठांचं जेवण सध्या थांबवावं. पुढल्या वर्षी देणग्या जमवून बघू. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"कशाला थांबवायचं?" मागून आवाज आला. प्रभाताई कमिटीत नव्हत्या. चहाचे कप धुवायला थांबल्या होत्या. "फळी चांगली आहे. फक्त सिंकपाशी गेलीय, तेवढी भरता येते. वरून नवा सनमायका चढवूया. मी चढवते."

डॉक्टर हसले. वाईट हेतूने नव्हे. "प्रभाताई, हे सुताराचं काम आहे. आणि तुमचा हात..."

त्यांचा उजवा हात कापायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. कप बशीत ठेवताना किणकिण व्हायची. प्रभाताईंनी तो हात टेबलावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

"हा कापतो तो रिकामा असला की. कामाला लागला की त्याचं त्याला कळतं. तुम्ही फक्त माल आणायला गाडी द्या, लव्ह."

गाडी माझी गेली. वॉटफर्डला एका औद्योगिक वसाहतीत त्यांनी मला एका लांबलचक शेडपुढे थांबवलं. आत करवतींचा आवाज, लाकडाचा वास. दारातल्या पांढऱ्या दाढीच्या माणसाने आधी डोळे बारीक केले आणि मग अख्खी शेड दणाणेल असा ओरडला, "प्रॅब!" यंत्रं एकेक करून थांबली. तो मालक, केव्हिन. सोळाव्या वर्षी इथे झाडू मारायला लागला तेव्हा प्रभाताई बाकावर उभ्या राहून काउंटर बनवत होत्या. त्याने मला अभिमानाने सांगितलं की या भागातल्या कितीतरी पबांचे, दुकानांचे, न्हाव्यांचे काउंटर प्रॅबच्या हातचे आहेत. बाकीचे लोक शीट चढवायचे तेव्हा फुगा राहायचा. प्रॅबच्या शीटला कधी राहिला नाही. म्हणून सगळ्यात लांब शीट तिच्याकडे यायची.

सव्वीस वर्षं त्यांनी इथे हेच काम केलं होतं. आणि आम्ही त्यांना बुधवारी काकड्या चिरायला बसवत होतो.

"तुम्ही कधी बोलला नाहीत," मी परत येताना म्हटलं.

"तिकडं पुरुषांत काम करते म्हटलं तर सासूबाईंना झेपलं नसतं. मग फॅक्टरी म्हणायची सवय लागली. फॅक्टरी म्हटलं की कोण पुढं विचारतंय?"

माझ्या गाडीच्या टपावर एका रद्द झालेल्या ऑर्डरची गर्द निळी शीट बांधलेली होती. केव्हिनने ती तशीच दिली होती, वर गोंदाचे दोन डबे आणि कडा तासायची स्वतःची मशीनही. पण त्या लांबीची शीट एकच होती. "ही बिघडली तर दुसरी नाही," त्याने बजावलं होतं.

पुढचे दहा दिवस प्रभाताईंनी आम्हाला फक्त घासायला लावलं. माझं प्लास्टिक सोलून काढलं, ओटा साबणाने तीनदा धुतला, वाळवला, सँडपेपरने खरखरीत केला. बार्बराच्या ओळखीच्या प्लंबरने सिंक सोडवून बाजूला ठेवलं. फुगलेला भाग प्रभाताईंनी स्वतः रंध्याने उतरवला, खळग्यात पुट्टी भरली, पुन्हा घासला. मी रोज विचारायचे, "आता चिकटवायचं का?" त्या हात फिरवून म्हणायच्या, "वाळू दे. तू चहा पी." कितीदा चहा प्यायले याचा हिशेब नाही. एकदा मी वैतागून म्हटलं की तारीख जवळ येतेय. तर म्हणाल्या, "घाई असेल तर घरी जा. घाईला इथं जागा नाही, ओटा तेवढाच आहे."

शीट चढवायचा दिवस रविवारचा ठरला. आदल्या दिवशी त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर निरोप टाकायला लावला: प्रत्येकीने घरातलं लाटणं घासूनपुसून घेऊन यावं, सारख्या जाडीचं. लोकांना वाटलं पोळ्यांचा बेत आहे.

बारा लाटणी जमली. त्यांतलं एक पटवर्धनआजोबांनी आणलं होतं, बायकोचं.

खिडक्या उघड्या टाकून प्रभाताईंनी ओट्यावर गोंद पसरला, शीटच्या पाठीवर पसरला. "हा गोंद दोन्हीकडं वाळवायचा. मग वाळलेल्याला वाळलेलं भेटलं की झालं. एकदा टेकला की पुन्हा हलत नाही. म्हणून मधे लाटणी. लाटण्यांना गोंद नाही, म्हणून त्यांना तो धरत नाही." लाटणी ओट्यावर आडवी, हातभर अंतराने मांडली. चौघांनी शीट उचलून त्यांवर ठेवली. निळी शीट ओट्याच्या वर बोटभर तरंगत राहिली. प्रभाताईंनी एक डोळा मिटून कडेकडून पाहिलं, नखाएवढी सरकवली, पुन्हा पाहिलं. त्यांचा उजवा हात थरथरत होता. मी दुसरीकडे बघायला लागले.

"मधलं काढ, स्मिते."

मी मधलं लाटणं ओढलं. त्या जागी त्यांनी शीटवर तळहात ठेवला आणि दाबला. हात एकदम स्थिर झाला. त्या बाहेरच्या दिशेने सरकत गेल्या, दाबत दाबत, वारा पुढे ढकलत. "पुढचं. आता तिकडचं." एकेक लाटणं निघत होतं. सहा उरली, पाच उरली. एवढ्यात डॉ. कर्णिकांना टोकाची शीट तिरकी वाटली आणि ती उचलायला त्यांनी हात घातला.

"हात काढा!"

मंडळाच्या अध्यक्षांवर आजवर कुणी असं ओरडलं नव्हतं. त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "तिरकी भिंत आहे, शीट नाही," प्रभाताई मान वर न करता म्हणाल्या. शेवटचं लाटणं निघालं. शीट सगळीकडे ओट्याला टेकली, कुठेही फुगा नाही. मग त्यांनी पटवर्धनआजोबांच्या बायकोचं लाटणं उचललं आणि अंगाचा सगळा भार टाकून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मशीनने कडा तासली, कानस मारली, सिंकसाठी कापलं, पट्ट्या बसवल्या. चार वाजता त्या ओल्या फडक्याने ओटा पुसून मागे सरल्या. निळं, सपाट, एकसंध. त्यात खिडकीचं चौकोनी ऊन पडलं होतं.

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच.

डॉक्टरांनी ओट्याजवळ वाकून भिंतीच्या कडेने नजर फिरवली. "भिंतच तिरकी आहे," ते शेवटी म्हणाले. "माझं चुकलं, प्रभाताई. मीटिंगमध्येसुद्धा." त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना हाडं दिसतात, भिंती कशा दिसतील? चहा घ्या."

इन्स्पेक्टर ठरल्या तारखेला आली. तिने सिंकच्या कडेला नख लावून पाहिलं, पांढरा कागद घासून पाहिला, खाली वाकून पट्टीचे सांधे पाहिले. मग तिने विचारलं की हे कुठल्या कंपनीकडून करून घेतलं. तिला दुसऱ्या हॉलना नाव सुचवायचं होतं. बार्बराने नुसतं बोट दाखवलं. इन्स्पेक्टर प्रभाताईंकडे, त्यांच्या साडीकडे, कार्डिगनकडे बघत राहिली. "मी केलं, लव्ह," प्रभाताई इंग्रजीत म्हणाल्या. "पण कंपनी नाही हो माझी." किचन त्याच दिवशी पास झालं.

त्यानंतरच्या बुधवारी मीरा साउथहॅम्प्टनहून आली होती. आईने आता एकटं राहू नये, घर सोडून आपल्याकडे यावं, हे पटवायला. ती जेवायला बसली तेव्हा पंगतीतला जो तो तिला येऊन सांगत होता. ती उठून किचनमध्ये गेली. मी मागे होते.

"आई, हे सगळा ओटा तू केला?"

"सगळा ओटा, म्हणून हा सगळा. आणि केलास. तुझं मराठी कधी सुधारणार?"

मीरा हसली आणि हसता हसता रडायला लागली. "तू फॅक्टरीत काय करतेस, मी कधी विचारलाच नाही."

"विचारलं असतंस तर दाखवलं असतं," प्रभाताई म्हणाल्या आणि तिला जवळ घेतलं. त्या दिवशी प्रभाताईंना आम्ही काकड्या चिरू दिल्या नाहीत. पहिलं पान त्यांना वाढलं. मसालेभात, कोशिंबीर, जिलबी. वाढायला डॉ. कर्णिक होते.

त्यानंतर वर्षभरात हॅरोतले सात ओटे प्रभाताईंनी नवे केले. आमचाही. आम्ही सगळ्या त्यांच्या हाताखाली घासायला जायचो, आणि त्यांनी हात फिरवला की आता कुणी रागवायचं नाही. बायका श्वास रोखून निकालाची वाट बघायच्या. मग त्या साउथहॅम्प्टनला गेल्या. पण स्वतःच्या अटीवर: मीराच्या बागेतली शेड त्यांची.

मागच्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेले. मीराने घरी न नेता मला एका कम्युनिटी सेंटरला नेलं. दारावर वर्गाचं नाव होतं, खाली 'शिक्षिका: मिसेस पी. सामंत'. आत दहाबारा बायका. एक सोमाली, दोन पोलिश, एक ऐंशीची इंग्रज आजी, एक गुजराती नवी नवरी. मधल्या टेबलावर पिवळ्याधमक शीटखालून शेवटची काठी निघत होती आणि सगळ्या वाकून बघत होत्या. शीट टेकली. खोलीत एकच जल्लोष झाला. इंग्रज आजीने दोन्ही मुठी हवेत उंचावल्या.

प्रभाताईंनी वळून मला पाहिलं. मला वाटलं, आता मिठी मारतील.

"आलीस? बरं झालं," त्या म्हणाल्या. "कोट काढ आणि ते दुसरं टोक धर."