आमचं लग्न का राहिलं होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. फादरांपुढे पापनिवेदन केलं, पण ते माझ्यात आणि देवात. माणसांत मात्र – एक नवरा सोडला तर – कुणाला ठाऊक नाही. आमचं लग्न इतकी वर्षं का राहिलं, याचं एक कारण अख्ख्या वाडीला माहीत आहे. ते खोटं आहे.

थांबा. आधी आनंदाचं सांगू द्या, नाहीतर जीभच उचलणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं! वय विचारू नका. लेकीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात तिची आई बोहल्यावर चढली, आणि लेकच करवली. टोकावड्याच्या आमच्या ढाब्यावर भाकऱ्या थापून रापलेल्या या हातांना बायकांनी गाणी म्हणत हळद लावली. वेदीपुढे फादरांनी विचारलं, तेव्हा मी असा खणखणीत होकार दिला की मागच्या बायका फिस्सकन हसल्या. आणि पावलू – माझा नवरा – एवढ्या वर्षांनी त्याने ख्रिस्तप्रसाद, म्हणजे फादर वेदीपाशी देतात ती पवित्र भाकर, घेतला. डोळे पुसायलाही विसरला. त्या दिवशी मी जिंकले होते, आजही तसंच वाटतं.

आता मागचं. वैशाखऱ्याजवळच्या आमच्या वाडीत मुलगी आधी नांदायला येते, लग्न सवडीने होतं. कुणाकुणाचं तर पोरं मोठी झाल्यावर. आम्ही आजोबांपासून ख्रिस्ती, तरी ही रीत सुटली नाही. पावलूने मला कसाऱ्याहून तशीच आणली. पण आमच्या धर्मात लग्न म्हणजे नुसतं जेवण नव्हे, तो संस्कार. दोघांनी देवासमोर एकमेकांना शब्द द्यायचा. तो न देता एकत्र राहणाऱ्याने ख्रिस्तप्रसाद घ्यायचा नसतो. आम्हा दोघांना हे पक्कं ठाऊक होतं.

मग, लेक व्हायच्या आधीच, नवे फादर आले. मला प्रार्थना सांगायचं काम द्यायचं त्यांच्या मनात होतं. त्यांनी सहज विचारलं, लग्न कुठे झालं? मी – काय म्हणू – मला ते काम हवं होतं हो! म्हटलं, कसाऱ्याला, जुन्या फादरांनी लावलं. ते तर वारलेले, कोण विचारणार? पावलू शेजारीच उभा होता. त्याने मान खाली घातली.

त्या रविवारपासून मी ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत पुढे. तो जागेवरून उठायचा नाही. लग्न ठरलेल्या मुलींना संस्काराचं महत्त्व कोण शिकवायचं? मीच! लोक म्हणायचे, फिलू सोन्यासारखी, नवरा मात्र देवाधर्माचा नाय. मी काय करायची? उसासा टाकायची. छान जमायचा मला उसासा.

लेकीला स्थळ आलं, तेव्हा मुलाकडच्यांनी विचारलं, मुलीचा बाप ख्रिस्तप्रसाद का घेत नाही? पोर बापावर कडाडली, "आबा, तुमच्यामुळं माझं लगीन मोडंल!" पावलूने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर कदाचित मी आणखी एकदा निभावून नेलं असतं. त्याच दुपारी फादरांकडे गेले आणि सगळं ओकले. प्रार्थनेचं काम सोडलं. चर्चमध्ये आमच्या लग्नाची घोषणा झाली, तेव्हा लोक तोंडाकडे बघत राहिले.

आणि लोकांनी आपलं आपणच ठरवून टाकलं. हळदीच्या मांडवात शेजारची काकी पावलूला सर्वांदेखत म्हणाली, "इतकी वर्षं बायकोला टांगून ठेवलीस, वर तिला खोटं बोलायला लावलंस! आता आली का रे अक्कल?"

तो हसला. "आली गो काकी, उशिरा आली."

मांडव हसला. मीही हसले. तोंडभर हळद होती, बोलायला तोंड मात्र मोकळं होतं. नाही बोलले. विजयाचा दिवस होता ना माझा – तो कसा नासवायचा?

तर खरं असं आहे. दर ईस्टर आला की पावलू माझ्याजवळ यायचा. म्हणायचा, "फिलू, गुपचूप लावून घेऊ गो. फादर कोणाला सांगायचे नाय." लेक पोटात होती तेव्हा म्हणाला. त्याची आई शेवटच्या आजारात होती, तिला आमचं लग्न बघायचं होतं, तेव्हा तर हात जोडले त्याने.

मी नाही म्हटलं. फादरांना माझं खोटं कळलं असतं. म्हणून दर वेळी नाही म्हटलं, आणि ती म्हातारी तशीच गेली.